घोरणे, श्वास आणि उशाशी ठेवलेले यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी विणकामाचे नमुने दाखविते. यंदा चिटणीसबाईंनी मला झोपेच्या यंत्राविषयी चार शब्द बोलावयास सांगितले. त्याला कारण आहे. आपल्या मंडळातल्या चार घरांत हे सीपॅप नावाचे यंत्र आलेले आहे, आणि त्यांपैकी दोन घरांत ते कपाटात पडून आहे. घेताना पुष्कळ पैसे मोजले, आठ-दहा रात्री लावून पाहिले, जमेना, म्हणून ठेवून दिले. ती दोन यंत्रे पुन्हा उशाशी यावीत, एवढ्याचसाठी मी आज उभी आहे.

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु यजमानांचे यंत्र गेली चार वर्षे रोज माझ्या हाताखालून जाते. मास्क धुणे, पाणी भरणे, पट्टे बसविणे हे सारे मी करते. यात घरातल्या माणसाचे काम कोणते आणि डॉक्टरांचे कोणते, हे एकदा नीट कळले म्हणजे निम्मी अडचण सरते. तेच आज सांगणार आहे.

आधी आजाराविषयी थोडे. आपल्याकडे घोरणाऱ्याची थट्टा करण्याची रीत आहे. ‘गिरणी सुरू झाली’ म्हणतो, कुंभकर्ण म्हणतो आणि हसतो. माणूस घोरतो आहे म्हणजे गाढ झोपला आहे अशी आपली समजूत. खरे पाहता घोरणे हा अडलेल्या वाटेतून जाणाऱ्या हवेचा आवाज आहे. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे ढळते, टाळूचा मागचा मऊ भाग खाली येतो आणि श्वासाची वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की घोरण्याचा आवाज येतो. वाट मिटलीच तर आवाज बंद होतो. आपल्याला वाटते, बरे झाले, थांबले एकदाचे. पण भिण्यासारखी असते ती हीच शांतता. छाती वरखाली होत असते पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो, तो आचका देऊन मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया म्हणजे श्वास नसणे.

श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडला तर तो एक धरतात. पुरता थांबला किंवा बराच कमी झाला, असे तासाला सरासरी किती वेळा होते, तो आकडा तपासणीत निघतो. त्याला एएचआय म्हणतात. मोठ्या माणसात हा आकडा ५ च्या खाली असला तर ठीक. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर गेला तर तीव्र. यजमानांचा आकडा ३८ आला होता. म्हणजे सुमारे दर दीड मिनिटाला एकदा श्वास अडत होता, आणि हे रात्रभर.

यजमान कारखान्याच्या कामगारांची बस चालवितात. पाठीमागे चाळीस माणसे बसलेली असतात. एके दिवशी सिग्नलला गाडी उभी असताना त्यांचा डोळा लागला आणि दिवा हिरवा झाल्यावर मागच्या माणसांनी हाका मारून उठविले. गाडी उभी होती म्हणून निभावले. हा आजार एकट्या झोपणाऱ्याचा नाही, तो रस्त्यावरच्या परक्या माणसांचाही आहे, हे मला त्या दिवशी कळले. शिवाय उपचार न केल्यास रक्तदाब वाढतो, आणि हृदयविकार व पक्षाघात यांचा धोकाही अशा माणसांत जास्त असतो.

आता यंत्राकडे वळू. हा उपाय सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी काढला आणि १९८१ मध्ये तो प्रसिद्ध झाला. यंत्रात औषध नसते. प्राणवायूचे नळकांडेही नसते. पुष्कळांना वाटते की हे ऑक्सिजनचे यंत्र आहे आणि आता माणूस फार दिवसांचा सोबती नाही. तसे मुळीच नाही. खोलीतलीच हवा गाळून, जराशा दाबाने, नळीवाटे आणि मास्कमधून नाकात सोडावयाची, एवढेच ते करते. त्या हवेचा टेकू लागून घशाची वाट मिटत नाही. पावसाळ्यात मांडवाचे कापड खाली येऊ नये म्हणून आतून बांबू देतो ना, तसा हा हवेचा बांबू समजा. बांबू काढला की कापड पुन्हा खाली येते. म्हणून यंत्र लावलेल्या रात्रीच त्याचा गुण असतो. महिनाभर लावले आणि आजार गेला असे होत नाही.

हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ऐकावयास अवघड, पण घरी करून पाहता येते. पेल्यात दहा सेंटिमीटर खोल पाणी घ्या, नळी तळापर्यंत बुडवा आणि बुडबुडे येईपर्यंत फुंका. बुडबुडे येण्यास जेवढा जोर लागला तो दहाचा दाब. यंत्रे साधारण ४ ते २० पर्यंतचा दाब देतात. काही यंत्रांत एकच दाब ठरवून ठेवतात. काही यंत्रे आपोआप चालणारी असतात. त्यांत खालची व वरची मर्यादा घालून दिली की गरजेप्रमाणे यंत्र मधला दाब निवडते.

हा दाब किती असावा हे डॉक्टरांनी ठरवावयाचे, आणि ही आपली पहिली लक्ष्मणरेषा. मुद्दाम सांगते, कारण कोणती दोन बटणे एकदम दाबली म्हणजे आतला डॉक्टरांचा भाग उघडतो हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ‘झोप लागत नाही ना, मग दोनने वाढवा’ असा सल्लाही मिळतो. दाब विनाकारण वाढविला तर मास्कच्या कडेने हवा अधिक सुटते, पोटात हवा जाऊन पोट फुगते, आणि काही माणसांत तर घसा उघडा असूनही श्वास घेण्याची सूचनाच मेंदूकडून येईनाशी होते. कमी केला तर वाट पुन्हा मिटू लागते आणि माणसाला ते कळतही नाही. भाजीत मीठ वाढविण्यासारखे हे काम नव्हे. दाब बदलावासा वाटला तर आपली वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. वहीविषयी पुढे सांगते.

मग आपल्या हाती काय उरते? माझ्या अनुभवाने, ज्यामुळे यंत्र कपाटात जाते त्यातले बहुतेक सारे आपल्याच हाती आहे. मास्क नीट बसणे, नळीतली हवा ओलसर राहणे, सुरुवातीचा दाब हळूहळू चढणे आणि सारे स्वच्छ असणे. या चारांत पहिला नंबर मास्कचा.

आमच्याकडे यंत्र पोहोचविण्यास जो माणूस आला होता त्याने यजमानांना खुर्चीवर बसविले, मास्क चढविला, पट्टे करकचून आवळले आणि दहा मिनिटांत गेला. आठ दिवसांत नाकाच्या हाडावर लाल वळ उठला, पहाटे डोळ्यांत वारा जाऊन डोळे चुरचुरू लागले आणि यंत्र कपाटात गेले. पुढे इस्पितळातल्या झोपेच्या विभागात एका तंत्रज्ञ मुलीने अर्धा तास दिला. तिने दाब बदलला नाही. मास्कची गादी एक माप लहान दिली, यजमानांना पलंगावर आडवे निजविले आणि पट्टे सैल केले. होय, सैल केले. त्या रात्रीपासून गळती आटोक्यात आली. आठवड्याने यंत्रावरचा आकडा ३८ च्या जागी ४ दाखवू लागला. दाब तोच, यंत्र तेच, माणूस तोच. फक्त मास्क बसला.

त्या मुलीने शिकविले ते क्रमाने सांगते.

मास्क तीन प्रकारचे असतात. नाकावर बसणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडांनी टेकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. नाकाने श्वास घेणाऱ्यास पहिले दोन पुरतात आणि ते हलके असतात. झोपेत तोंड उघडे पडणाऱ्यास किंवा नाक नेहमी चोंदणाऱ्यास तिसरा लागू शकतो. मोठा मास्क म्हणजे अधिक गुणकारी असे मात्र नाही. जेवढी कड लांब तेवढी गळतीला जागा जास्त. शेजारणीच्या मापाची चोळी आपल्याला होत नाही, तसेच मास्कचे आहे. दुकानदाराकडे मापाचे कागदी साचे असतात. ते नाकाला लावून माप घेण्यास सांगावे.

मास्क बसवावयाचा तो निजून, यंत्र चालू ठेवून आणि ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर वळून. बसलेल्या माणसाचा चेहरा आणि निजलेल्या माणसाचा चेहरा एक नसतो. निजल्यावर गाल ओघळतात. रात्री कवळी काढून ठेवीत असाल तर काढूनच माप घ्यावे, कारण गालाचा आकार बदलतो. आधी सारे पट्टे सैल करावेत. मास्क चेहऱ्यावर टेकवावा, यंत्र सुरू करावे, मग मास्क हाताने चेहऱ्यापासून किंचित दूर ओढून पुन्हा अलगद टेकवावा. त्यामुळे मऊ गादीत हवा भरते आणि ती आपली आपण चेहऱ्याला लागून बसते. गळती थांबविते ती ही फुगलेली गादी. पट्टे आवळले की गादी चेपते, तिला सुरकुती पडते आणि तिथूनच हवा सुटते. म्हणजे गळती वाढली म्हणून आवळावे, आणि आवळल्याने ती आणखी वाढावी, असा तो फेरा आहे.

पट्टे दोन्ही बाजूंचे एकदम आणि सारखे ओढावेत. आधी खालचे, मग वरचे. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सहज जावीत. सकाळी वळ उठत असेल आणि तासाभरात जात नसेल, तर पट्टा घट्ट आहे किंवा माप चुकले आहे. कातडी सोलवटली तर मास्कचा प्रकारच बदलून घ्यावा. ती सोसत बसू नये.

आता आपल्या घरांतल्या काही गोष्टी, ज्या पुस्तिकेत सापडत नाहीत. रात्री तेल लावून झोपण्याची आपल्यात पुष्कळांना सवय असते. डोक्याचे तेल कपाळावर आणि गालावर उतरते, गादी घसरते आणि लवकर खराबही होते. मास्क लावण्याआधी चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा. तेल सकाळी न्हाण्याआधी लावावे. चेहऱ्याला लावण्याचे क्रीमही तसेच. पुरुषांच्या दाढीच्या खुंटांतून हवा सुटते. दाढी रात्री केली तरी चालते. मिशा राखणाऱ्यांस नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारा प्रकार पुष्कळदा सोईचा पडतो. बायकांनी मास्क लावताना चमकी काढून ठेवावी, नाहीतर ती टोचते आणि तिथून हवा सुटते. अंबाडा घालून निजू नये; मागचा पट्टा त्यावरून घसरतो. सैल वेणी घालून ती एका बाजूस घ्यावी. नळी उशीच्या वरून, पलंगाच्या डोक्याच्या बाजूने आणावी, म्हणजे कूस बदलताना मास्क ओढला जात नाही. मच्छरदाणी असेल तर नळी वरच्या बाजूने आत घ्यावी आणि कड नीट खोचावी.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. मास्कला समोर बारीक भोके असतात आणि त्यांतून सतत हवा फुसफुसते. ती गळती नव्हे. उच्छ्वास बाहेर जाण्याची ती वाट आहे. आवाज येतो म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावू नये, पांघरूणही ओढू नये. दुसरे, काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. हा मास्क लावणाऱ्यास किंवा शेजारी निजणाऱ्यास पेसमेकर अथवा शरीरात तसले एखादे उपकरण किंवा धातूची वस्तू बसविलेली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे आणि बिनचुंबकाचा मास्क मागावा. तसेच ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही किंवा ज्याला उलटी होत आहे, त्याला नाक-तोंड झाकणारा मास्क डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये.

मास्क बसला की पुढचे प्रश्न सोपे आहेत. तोंड-घसा कोरडा पडतो, नाक चोंदते किंवा शिंका येतात, ही नेहमीची तक्रार. त्यासाठी यंत्राला पाण्याची लहान टाकी असते. तिच्यात पाणी तापून हवा ओलसर होते. या ओलाव्याचा आकडा आपल्यालाच बदलता येतो. कोरडे वाटले तर एकाने वाढवावा आणि दोन-तीन रात्री पाहावे. नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला किंवा नाकावर थेंब पडले, तर ओलावा एकाने कमी करावा, यंत्र डोक्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे आणि थंडीत नळी पांघरुणाखालून घ्यावी. फक्त मास्कची भोके उघडी राहिली पाहिजेत. नाक सतत चोंदत असेल तर नाकाच्या डॉक्टरांस दाखवावे. ओलावा पुरेसा असूनही सकाळी जीभ लाकडासारखी कोरडी होत असेल, तर झोपेत तोंड उघडून हवा तिथून जात आहे असे समजावे. आपल्या मनाने तोंडावर पट्टी चिकटवू नये; हनुवटीला आधार देणारा पट्टा किंवा मास्कचा प्रकार बदलणे यांविषयी डॉक्टरांना विचारावे.

दिवा मालवल्याबरोबर पुरा दाब आला तर जीव घाबरतो. त्यासाठी यंत्रात रॅम्प नावाची सोय असते. हवा कमी दाबाने सुरू होऊन हळूहळू, पाच मिनिटांत किंवा पाऊण तासात, ठरलेल्या दाबापर्यंत चढते. हा वेळ घरच्याच भागात बदलता येतो. पण रॅम्पचा दाब फारच कमी असला तर उलट हवा पुरत नाही असे वाटून गुदमरल्यासारखे होते. तसे झाल्यास रॅम्पचा वेळ कमी करून पाहावा. उच्छ्वासाच्या वेळी दाब किंचित उतरविण्याचीही सोय बऱ्याच यंत्रांत असते. तिची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी.

ज्याला मास्क पाहूनच घाबरल्यासारखे होते त्याने तो दिवसा सरावाने घालावा. आधी नुसता हातात धरून, मग पट्टे बांधून, मग यंत्र लावून वीस मिनिटे रेडिओ ऐकत किंवा दूरदर्शन पाहत बसावे. तान्ह्या मुलाला कुंची घालावयाची सवय आपण अशीच लावतो. पहिले दोन आठवडे कठीण जातात, हे धरूनच चालावे. दुपारच्या झोपेलाही लावावे. रात्री काढून टाकला तर रागवू नये. जाग आल्यावर पुन्हा लावावा. चार तास लावला म्हणजे झाले असे मानू नये. पहाटेच्या झोपेत स्वप्ने जास्त पडतात आणि त्या वेळी स्नायू अधिक सैल असल्याने श्वासही अधिक अडतो. नेमका तेव्हाच मास्क खाली पडलेला असतो.

आता धुण्यापुसण्याचे. रोज सकाळी मास्कची गादी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावी, सावलीत वाळवावी. उन्हात टाकू नये. टाकीतले उरलेले पाणी रोज ओतून टाकून टाकी वाळवावी. नळी आणि पट्टे आठवड्याने धुवावेत. हवा गाळणारी फिल्टरची जाळी निदान महिन्याला पाहावी. आपल्याकडे धूळ फार, ती काळवंडली की बदलावी. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे. उकळलेले पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. उकळून जंतू मरतात पण क्षार राहतात, आणि बोअरच्या पाण्याने तर पातेल्यासारखा पांढरा थर धरतो. तसा थर धरलाच तर एक वाटी व्हिनेगर आणि नऊ वाट्या पाणी यांत टाकी भिजवावी, मग स्वच्छ धुवावी. सर्दी झाली म्हणून टाकीत निलगिरीचे तेल, बाम किंवा ओवा घालू नये. तो वाफारा नव्हे, ते थेट फुप्फुसांत जाते. जंतुनाशकेही घालू नयेत.

जुने यंत्र स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, हेही सांगून ठेवते. त्यात दुसऱ्याचा दाब भरलेला असतो आणि यंत्राचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली पुष्कळ यंत्रे जगभरातून परत मागविली होती, कारण आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण व वायू श्वासात जाण्याची भीती होती. ओझोन सोडून यंत्र साफ करण्याच्या पेट्यांनी तो फोम अधिक खराब होतो असेही तेव्हा सांगण्यात आले. साबण आणि पाणी यांवर आपला भरवसा असू द्यावा.

वीज गेली तर? नाकाचा मास्क असेल तर माणूस तोंडाने श्वास घेतो आणि बहुधा जागा होतो. नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. ती चिकटून बसली नाही ना हे धुताना रोज पाहावे. वीज लवकर आली नाही तर मास्क काढावा आणि कुशीवर निजावे. इन्व्हर्टरवर यंत्र चालविताना पाणी तापविण्याचा भाग बंद ठेवला तर विजेचा खर्च बराच कमी होतो. लग्नाकार्याला गावी जाताना यंत्र बरोबर न्यावे, मात्र टाकी रिकामी करून; पाणी सांडून यंत्रात गेले तर ते बिघडते. पाहुण्यांच्या घरी मास्क लावण्याची लाज वाटून घेऊ नये. चष्मा लावण्याची कोणी लाज धरते का?

आता वही. सकाळी यंत्राच्या पडद्यावर तीन गोष्टी दिसतात: किती तास चालले, गळती ठीक आहे की नाही, आणि एएचआयचा आकडा. पडद्यावरचे हे इंग्रजी शब्द मी चित्रासारखे ओळखीचे करून घेतले. रोज एका ओळीत तारीख आणि ही तीन उत्तरे लिहिते. पुढे एक शब्द: ‘ताजे’ किंवा ‘सुस्त’. एक रात्र आकडा वर गेला म्हणून घाबरावयाचे नाही. सर्दी होती, जागरण झाले होते, काहीतरी असते. पण आठवडाभर आकडा ५ च्या वर राहिला, तर आधी गळती पाहावी. गळती असेल तर मास्क आपला. गळती नसेल तर दाब डॉक्टरांचा. एवढे एक वाक्य पाठ केले तरी माझे बोलणे कामी आले. याशिवाय वजन बरेच वाढले किंवा उतरले, घोरणे परत आले, दिवसा पुन्हा पेंग येऊ लागली किंवा सकाळी डोके दुखू लागले, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. दारू आणि मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या यांनी घसा अधिक सैल होतो, हेही घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. आतापर्यंत मी यजमान म्हणत आले, आणि आपणही हा पुरुषांचा आजार समजून ऐकले असेल. तो आपल्यालाही होतो, आणि पाळी गेल्यानंतर त्याचे प्रमाण वाढते. बायकांत मोठ्याने घोरणे नसेलही. रात्रीतून तीन वेळा जाग येते, सकाळी डोके जड असते, दिवसभर अंगात त्राण नसते, चिडचीड होते, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही. आपण म्हणतो वय झाले, काम फार पडते, काळजी लागली आहे. नवऱ्याचे घोरणे बायको रात्रभर ऐकते आणि सकाळी सांगते. बायकोचा श्वास थांबला तर ऐकावयास जागे कोण असते? म्हणून लेकीला, सुनेला, बहिणीला एखाद्या रात्री शेजारी निजून लक्ष ठेवावयास सांगा. मोबाइलवर आवाज धरून ठेवता आला तर तो डॉक्टरांना ऐकवा. आणि डॉक्टरांनी यंत्र लावावयास सांगितले तर ‘या वयात कशाला हे सोंग’ असे म्हणू नका. घरातल्या सर्वांच्या आधी उठणाऱ्या बाईलाही रात्रभर पुरता श्वास मिळण्याचा हक्क आहे.

ज्या दोन घरांत यंत्र कपाटात आहे त्यांची नावे मी येथे घेत नाही. त्या मैत्रिणींनी मला फक्त दुपारची एक वेळ सांगावी. मी येईन. आपण पलंगावर उशी टाकू, यंत्र लावू आणि आधी सारे पट्टे सैल करू. मग पाहू कुठे हवा सुटते ते. दाबाच्या बटणाला मात्र मी हात लावणार नाही.